मामाच्या विहिरीत वेटसूट

शिबिराच्या पत्रातल्या एका ओळीवरून माझं डोकं दोन दिवस तापलेलं होतं. ओळ अशी होती: "वेटसूट अंगाला घट्ट बसणारा घ्यावा."

घट्ट. काहून घट्ट? कोणाला दाखवायला घट्ट?

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि अमरावतीत आमच्या गटाची पत्रकं लिहायचे. बसस्थानकावरच्या बायकांच्या संडासाला कुलूप का? जलतरण तलावात बायकांची वेळ अकरा ते बारा का, त्या वेळेला कोणती बाई मोकळी असते? पानभर मजकूर, खाली मागण्या, त्याखाली "आपल्या नम्र". नम्र आम्ही कोणीच नव्हतो. पत्रकं लिहून लिहून माणसाला एक सवय लागते. समोर आलेला शब्द आपल्याविरुद्धच लिहिलेला आहे असं धरून वाचायचं. दहातून नऊ वेळा ते खरं निघतं. ही दहावी वेळ होती, आणि ते मला कळलं तेव्हा मी मामाच्या विहिरीत गळ्यापर्यंत पाण्यात होते.

शिबिर कोकणातल्या एका किनाऱ्यावर होतं, फेब्रुवारीत, पाच दिवसांचं. सर्फिंग. म्हणजे फळीवर पालथं पडायचं, मागून लाट आली की तिच्या रेट्यात उभं राहायचं आणि धपकन पाण्यात पडायचं. शिकाऊ माणूस मुख्यतः पडायचंच काम करतो आणि तासन्‌तास पाण्यात राहतो. सकाळच्या पाण्यात हुडहुडी भरते, फळी घासून पोट सोलून निघतं, म्हणून वेटसूट. हवेचे बारीक बुडबुडे भरलेल्या रबराचा, अंगभर एकच कपडा. अर्ज मी चिडूनच केला होता. जाहिरातीतल्या सगळ्या मुली मुंबई-पुण्याच्या दिसत होत्या. "वऱ्हाडातल्या मुलींना पाणी चालत नाही का?" असं मी अर्जातच विचारलं. त्यांनी मला निवडलं. पत्र वाचून मी खाली बसले. मागणी मान्य झाली तर पुढे काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं.

आई सरकारी नोकरीत, रोज बसने तिवशाला जा-ये करणारी. तिने पत्र दोनदा वाचलं.

"समुद्र?"

"हो."

"समुद्राले तळ असते का व?"

"सगळ्यालाच तळ असतो, आई."

"दिसते का पन?"

"दिसत नाही."

"मंग?"

या "मंग"पुढे माझं एकही पत्रक कधी टिकलेलं नाही. आईने अट घातली. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही, त्या पाण्यात तिच्या डोळ्यांसमोर उतरून दाखवायचं. हिवरखेडला, मामाच्या विहिरीत. "तो सूट का काय हाये, तो घालून. आपल्या पायानं वर चढून आली तं जाय समुद्रावर. नाई तं मायापाशी पुन्हा शब्द काढू नोको."

विहीरच का, हे मला विचारावं लागलं नाही. आईच्या आईने गावच्या विहिरीचं पाणी कधी स्वतःच्या हाताने शेंदलं नाही. खाली घागर मांडून उभं राहायचं आणि कोणाच्या मनात आलं तर ते वरून ओतणार. म्हणून आजोबांनी आपल्या तुकड्यात आपली विहीर खोदली. पण त्या आपल्या हक्काच्या विहिरीत पोहायला शिकला तो एकटा मामा, पाठीवर रिकामा डबा बांधून. आईला काठाजवळसुद्धा जाऊ दिलं नाही. पोरीची जात, विहिरीपाशी काय काम. ज्यांनी एवढा अन्याय सोसला, त्यांनी घरातल्या घरात हा दुसरा केला. यावर मला पत्रक काढायचं होतं. आईने काढू दिलं नाही. "घरातलं चौकात वाटत नाईत," म्हणाली. मी स्विमिंग टँकात पोहायला शिकले तेही तिने चालवून घेतलं, कारण टँकाच्या तळाच्या फरशा वरून मोजता येतात.

तर सूट. अमरावतीत खेळाच्या सामानाच्या दुकानदाराने मला रेनकोट काढून दाखवला. मी नाही म्हटल्यावर दुसऱ्या रंगाचा रेनकोट दाखवला. मग कोणीतरी अकोल्याचं एक दुकान सांगितलं. ताडपत्र्या, गमबूट, दोरखंड, लाइफ जॅकेट असलं सामान. दुकानाचे मालक पांढऱ्या दाढीचे चाचा. वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायचे, नाहीतर उलटं.

"वेटसूट? है ना. धरनावर काम करनाऱ्या पाणबुड्यांसाठी मांगवले होते, चार राहिले. किसके लिए पाहिजे? भाऊ हाये का?"

"माझ्यासाठी."

ताडपत्री उलगडून पाहणारी दोन गिऱ्हाइकं जागच्या जागी थांबली. पोतं उचलणारा नोकर पोतं धरून उभाच राहिला. मी त्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. आम्ही मोर्चात पोलिसांकडे पाहतो तसं.

"घालून कुठे पाहू?" मी विचारलं.

चाचांनी दुकानभर नजर फिरवली. समोर रस्ता, आत तीन नोकर, दोन गिऱ्हाइकं, छतापर्यंत ताडपत्र्या. बाईमाणसाने आडोशाला जावं अशी वीतभर जागा नव्हती. "ऐसा करो बेटा, वरूनच घाला. स्वेटरसारखा."

आणि मी घातला. यात मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हेच आता मला भयंकर वाटतं. आमच्याकडे बाई कपडा असाच घेते. स्वेटर साडीवरून, कुर्ता कुर्त्यावरून, आणि बाकीचं सगळं दुकानदाराच्या नजरेच्या मापाने. पंजाबी ड्रेसचा घोळ आत कोंबत मी तो काळा सूट वर ओढला. लहान मापाचा सलवारीवरून गुडघ्याच्या पुढे सरकेना. मोठा सरकला.

"हा," मी म्हटलं.

"ये ढिला आहे बेटा. आतले कपडे काढले तर और ढिला. याच्यात पानी भरते. चमडीसारखा बसाले पाहिजे."

झालं. पत्रातला शब्द आता दुकानातही आला. मी चाचांना तिथेच ऐकवलं. बाईने काय घालायचं हे बाई ठरवेल, बाजार नाही. घट्ट कपडे हा बाजाराचा आग्रह असतो, आमच्या सोयीचा नसतो. आम्हाला पोहायचं आहे, आमचं प्रदर्शन भरवायचं नाही. पाच-सात मिनिटं तरी बोलले असेन. पोतंवाल्या नोकराने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

चाचांनी सूटची बाही पंक्चरवाल्यासारखी चिमटीत धरून ताणली आणि सोडून दिली. "बेटा, मी रबराचं बोलून राहिलो. तू कायचं बोलून राहिली?"

मी मोठाच घेतला.

पाण्याचा हिशेब साधा होता आणि चाचांना तो ठाऊक होता. सूट अंगाला चिकटून असला की आत पाण्याचा पातळ थर शिरतो, अंगाच्या उबेने तापतो आणि तिथेच राहतो. म्हणून थंडी वाजत नाही. सूट सैल असेल तर पाणी आत येतच राहतं. हे सगळं त्या पत्राच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं. मी पुढची बाजू वाचून चिडले होते. मागची बाजू वाचलीच नव्हती.

सूट पुरुषी मापाचा, पाय लांब. घरी मी ते घोट्यावर दुमडले आणि परकराच्या नाडीने आवळून बांधले. दोन गाठी, वर एक निरगाठ. खालून पाणी शिरायचा प्रश्नच मिटला, असं मला वाटलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही हिवरखेडला गेलो. ऊन कोवळं होतं, विहीर तुडुंब नाही पण भरलेली, पाणी काठापासून एकावर एक दोन माणसं उभी राहतील इतकं खाली. भिंतीत लोखंडी कड्या ठोकलेल्या, त्यांच्यावरून उतरायचं. दुकानात सूट ड्रेसवर बसला होता, म्हणून मी तो इथेही ड्रेसवरच चढवला. हे वाक्य लिहितानाही मला घाम फुटतो.

मामा मला पाहून चेकाळला. "ताई, पाह्य व! पोळ्याले निंघालेला बैल दिसून राहिली तुही पोट्टी! शिंगं रंगवाची राहिली फक्त."

आई हसली नाही. "दोर बांध तिले," एवढंच म्हणाली.

मामाने माझ्या काखेतून दोर घेऊन पाठीवर गाठ मारली, दुसरं टोक आपल्या कमरेला गुंडाळलं आणि काठावरच्या दगडाला पाय लावून उभा राहिला. मी कड्यांवरून उतरले आणि पाण्यात अंग सोडलं.

काय सांगू! मी तरंगत होते. हात न मारता, पाय न हलवता. छातीचं रबर मला वर धरून होतं. टँकात वर्षभर धडपड करून जे जमलं नव्हतं, ते हा काळा कपडा फुकटात करत होता. मानेपाशी गार पाण्याची धार आत शिरली, पाठीवरून खाली गेली, मी खिदळले. विहिरीला तीन फेऱ्या मारल्या. "आई, पाह्य मला!" मी ओरडले. विहिरीत आवाज घुमला.

"पाह्यलं," आई वरून म्हणाली. "आता ये वर."

मी कडी धरली, पाय खालच्या कडीवर ठेवला आणि अंग उचललं. खांदे पाण्याबाहेर आले. छाती आली. कंबर आली. आणि तिथे मी अडकले.

कोणीतरी माझे पाय धरून ठेवले होते. खरंच, मला तेच वाटलं. मी खाली पाहिलं तर माझ्या मांड्या कोणा दुसऱ्याच्याच वाटत होत्या, पाण्याने टम्म फुगलेल्या, जुन्या काळच्या पखालींसारख्या. मानेतून आत गेलेलं सगळं पाणी पायांत उतरलं होतं आणि खाली मी त्याला नाडी बांधून ठेवली होती. बाहेर यावं तितकं वजन वाढत होतं. कडी हातातून सुटली. मी पुन्हा पाण्यात घसरले.

मामाने दोर ओढला. दोर काखेत कापत गेला, मी किंचाळले. "ओढू का नोको ओढू?" मामाही किंचाळला.

पाठीची चेन उघडून सूटच टाकून द्यावा म्हणून मी चेनची मागे लोंबणारी दोरी खेचली. चेन चार बोटं सरकली आणि कुर्त्याच्या कापडात अडकून बसली.

"काहून थांबली?" आईचा आवाज.

"पाय भरले. पाण्यानं."

"मंग खाली कर न पानी."

"होत नाही. नाडी बांधली."

"काहून बांधली?"

"पाणी आत येऊ नये म्हणून."

वरून काही आवाज आला नाही. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली, पण एवढी शांतता मला कोणत्याही सभेत मिळाली नव्हती. मी बुडी मारून गाठ सोडायचा प्रयत्न केला. रबर मला बुडू देईना आणि ओल्या सुताची गाठ नखाला दाद देईना. वर आले तेव्हा आई मामाला विचारत होती, "विळा कुठी हाये?"

"ताई, तू नोको. मी उतरतो."

"तू दोर सोडशीन तं इले कोन धरन? मायाच्यानं होते का तो दोर?"

मग मी जे पाहिलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. माझ्या आईने साडीचा काचा मारला, विळा कमरेला खोचला, विहिरीकडे पाठ केली आणि पाय खाली सोडला. तो पाय हवेत कडी शोधत होता. मला आईचा तळपाय दिसत होता, भेगांचा. मी कधी आईला खालून पाहिलंच नव्हतं. एक कडी. दुसरी. प्रत्येक कडीवर ती काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक मला शिव्या. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं तेव्हा ती क्षणभर ताठ झाली. मग एका हाताने वरची कडी धरून खाली वाकली.

"पाय दे."

मी पाठीवर तरंगत पाय वर केला. तिने नाडीत विळा घातला आणि नाडी, दुमड, रबर, सगळं एका झटक्यात फाडलं. पाणी भसाभसा बाहेर पडलं. दुसरा पाय. तोही.

"चाल आता. माया मांगून ये. आन तोंड बंद."

वर आल्यावर ती चिंचेखाली बसली. साडी कमरेपर्यंत भिजलेली, दात वाजत होते. मामा म्हणाला, "ताई, तू विहिरीत उतरली व." ती म्हणाली, "चूप राय." अकोल्यापर्यंत ती बोलली नाही. अकोल्याहून अमरावतीपर्यंत बोलली नाही. मी समजले. आपल्या पायाने चढून यायचं होतं, तेच मला जमलं नव्हतं. समुद्र गेला.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. घरी पोचल्याबरोबर. "स्त्रियांसाठी कपडे घालून पाहण्याची जागा नसणे हा अन्याय आहे." मागणी पहिली, प्रत्येक दुकानात आडोसा. मागणी दुसरी, स्त्रियांच्या मापाचा माल. जोरदार लिहिलं होतं, आजही त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. सकाळी आईने ते चहा पिता पिता वाचलं.

"यात नाडीचं नाई लिहिलं."

मी तिच्या हातून कागद घ्यायला गेले. तिने दिला नाही.

"नाडी कोनं बांधली? दुकानदारानं?"

"मी."

"मंग तेबी लिही."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता निकाल. निकालच होता.

"तू बुडली नाई."

"काय?"

"मी वरून पाहून राहिली होती. पायात एवढं पानी भरलं, चेन अडकली, तू बोंबलून राहिली, पन तुहं डोकं पान्याच्या वरच. खाली गेलंच नाई. तूनं बुडी माराले पाह्यली तरी जमली नाई तुले. आपन तिघंबी उगाच मेलो. तरास बुडाचा नोयताच. चढाचा होता." थोडी थांबली. "समुद्रातून चढा लागते का?"

मला कळेना ती काय विचारतेय. "नाही. लाटच काठावर आणून टाकते."

"मंग बरोबर मापाचा घे. मीबी येतो संग."

इतकी वर्षं मी लोकांची मनं वळवायला छापील कागद वाटत फिरत होते, आणि ही बाई एका विहिरीत उतरून स्वतःचं मन स्वतःच वळवून आली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही अकोल्याला त्याच दुकानात गेलो. आईने फाटका सूट काउंटरवर ठेवला. चाचांनी कापलेले पाय उलटेपालटे केले. "ये किसने काटा?"

"मी. भाऊ, दुकान अर्धा घंटा बंद करा. सगळे बाहेर. आमाले घालून पाहाचं हाये."

चाचांनी आईकडे पाहिलं आणि नोकरांना, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं. शटर अर्ध्यावर ओढलं. आईने पिशवीतून घरची चादर काढून दोन ताडपत्र्यांच्या थप्प्यांमध्ये बांधली. इतकं सोपं होतं ते. एक चादर. माझ्या पत्रकातली मागणी पहिली तिने दोन मिनिटांत मंजूर केली होती.

"काढ सगळे कपडे," ती म्हणाली. कळत्या वयापासून मी आईसमोर अशी उभी राहिले नव्हते. लाजेने माझे कान तापले. बाईच्या शरीराबद्दल मी सभांमध्ये इतकं बोलले होते की ते मलाही आहे हे विसरले होते.

लहान मापाचा सूट टाचेशीच अडला. शटरबाहेरून चाचांचा आवाज आला, "पायात पन्नी घाला! मग सरकते!"

आईने भाजीची प्लास्टिकची पन्नी माझ्या पायात घातली आणि पाय लोण्यासारखा आत गेला. मग दुसरा. मग गुडघ्यापासून वर, चिमटीने थोडं थोडं ओढत. पाठीची चेन आईने लावली.

"पाठीच्या खोलग्यात बघा, ताई! तिथी झोल नको! बगल में भी!"

आई चिमटीत रबर धरून बघत गेली. पाठ, काख, मांडीचा सांधा. कुठेच चिमटीत काही येईना. गळ्यापाशी तिने एक बोट घालून पाहिलं, दुसरं गेलं नाही.

"बसायला लावा! हात वर करायला लावा!"

मी उकिडवी बसले, उठले, हात वर केले. रबर माझ्याबरोबर आलं. "दम घे मोठा," आई म्हणाली. घेतला. छाती भरून आत आला. कोणाला दाखवायला नाही, कशाला नाही. आत हवेला जागा नव्हती म्हणून पाण्यालाही जागा नव्हती, एवढीच गोष्ट होती त्या शब्दात.

"हाच घेऊ," आई म्हणाली. "काढ आता."

पण तो निघेना. खांद्यावरून कसाबसा उतरला, घामाने मांड्यांवर चिकटून बसला. मी ताडपत्रीवर आडवी पडले, आईने माझी टाच आपल्या पोटाशी धरली आणि ओढायला लागली. बाहेरून चाचा विचारत होते, "हो गया क्या, ताई?"

"थांबा न भाऊ, लेक सोलून राहिली!"

बाहेर हशा पिकला. आई हसत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, केस सुटले होते, आणि ती कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत होती.

"हे रोज काढा लागन का? पाचही दिवस?"

"हो."

"तिथी कोन सोलन तुले?"

"असतील ना मुली."

"त्याइले काय समजते." तिने जोर लावला, पाय सपकन सुटला आणि ती सूट हातात घेऊन मागे ताडपत्र्यांवर आदळली. तिथूनच म्हणाली, "फेब्रुवारीत कोन्या तारखेले जाचं हाये, तेवढं सांग. मले रजा टाका लागन."